गावाची एकी आणि समाधान : मोजावे कसे?



दांडेकर समितीने १९८४ साली महाराष्ट्रातील विभागांचा अनुशेष रस्ते, सिंचन अशा सोयींवरून मोजला. परंतु सोयी सारख्या असूनही एका गावात पाण्याची पाळी सुरळीत चालते, तर दुसऱ्या गावात भांडणे होतात. हा फरक समजण्यासाठी लोकांनाच विचारावे लागते.

१) समाधान : हॅडली कँट्रिल यांनी १९६५ च्या ग्रंथात मांडलेली शिडी वापरावी. तिला ० ते १० पायऱ्या असतात. सर्वांत चांगले आयुष्य १० वर, सर्वांत वाईट ० वर. 'आज आपण कोणत्या पायरीवर आहात?' असे विचारावे.

२) एकी : गावातील बहुतेकांवर विश्वास ठेवता येतो का? वर्षभरात घरातील कोणी सामुदायिक कामात भाग घेतला का? अडचणीत भाऊबंदांखेरीज कोण धावून येते?

घ्यावयाची काळजी : प्रत्येक वस्तीतून चिठ्ठ्या टाकून घरे निवडावीत. स्त्रिया व भूमिहीन यांना वगळू नये. प्रत्येकास एकांतात विचारावे. चावडीवर खरे उत्तर मिळत नाही. दोन गावांची तुलना करताना पाहणी एकाच महिन्यात करावी. सुगीनंतरचे उत्तर टंचाईत राहत नाही.

केवळ सरासरीवर विसंबू नये. दहापैकी पाच जण ९ व पाच जण ३ म्हणाले, तर सरासरी ६ येते. सर्वच ६ म्हणाले तरी तीच येते. पण पहिले गाव दुभंगलेले आहे. म्हणून पाणी वापर संस्था स्थापन करण्यापूर्वी ३ म्हणणारी घरे शोधावीत. ती चारीच्या शेवटच्या टोकाची असतील, तर पहिली बैठक तेथेच घ्यावी.