कारवानी कुत्रा : स्वभाव व निगा

सोलापूर, लातूर वगैरे जिल्ह्यांत आणि पलीकडे कर्नाटकांत मुधोळच्या बाजूस जो उंच, सडपातळ, लांब तोंडाचा कुत्रा शेतकऱ्यांच्या वस्तीवर दिसतो, तो कारवानी होय. मध्य आशिया व अरबस्तान इकडून येणाऱ्या व्यापारी तांड्यांबरोबर याचे पूर्वज आले असें मानतात व त्यावरूनच हें नांव पडलें. मुधोळचे राजे मालोजीराव घोरपडे यांनीं ही जात विशेष जोपासली व तींतील एक जोडी बादशहा पंचम जॉर्ज यांस नजर केली. त्यामुळें मुधोळ या नांवानेंही हा कुत्रा प्रसिद्ध आहे.

हा वासावर नव्हे तर नजरेवर शिकार करणारा प्राणी आहे, ही गोष्ट पाळणाऱ्यानें प्रथम ध्यानांत घ्यावी. त्याची सर्व घडण धांवण्यासाठींच आहे. नराची खांद्याशीं उंची सुमारें 27 ते 29 इंच, मादीची दोन इंच कमी. छाती खोल, पोट आंत ओढलेलें, कातडी पातळ, लव तोकडी. कानांवर व शेपटीवर रेशमासारखे केंस असल्यास त्यास पश्मी म्हणतात. निरोगी कुत्र्याच्या शेवटच्या दोनतीन बरगड्या किंचित् दिसाव्यात. पाहुणे त्यास उपाशी समजून हळहळतात व धनी भीडेनें भाकरी वाढवितो. बहुतेक कारवानी असेच बिघडतात.

स्वभाव मानी व अबोल. परक्यानें अंगावर हात ठेवलेला त्यास खपत नाहीं. घरच्या माणसांशीं मात्र तो एकनिष्ठ असतो. मारानें तो शिकत नाहीं, भित्रा होतो. डोळ्यांसमोर कांहीं पळूं लागलें कीं धन्याची हांकही त्यास ऐकूं येत नाहीं.

आजची खरी अडचण हीच आहे. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यांत शिकार या शब्दाखालीं पाठलागही येतो. सशामागें कुत्रा सोडला आणि ससा निसटला, तरी गुन्हा होतोच. या धास्तीनें कित्येकजण कुत्रा दिवसभर सांखळीस बांधतात. तेंही बरें नव्हे. धांवणें बंद झालें कीं तो चिडखोर होतो, दोर कुरतडतो. पहांटे, ऊन तापण्यापूर्वीं, कुंपण असलेल्या मोकळ्या रानांत त्यास अर्धा तास सोडावें. ढेकळांच्या जमिनींत सोडूं नये, पाय मुरगळतात. रानांत बिनकठड्याची विहीर असेल तर तेथें मुळींच सोडूं नये. भरधांव कुत्र्यास ती दिसेपर्यंत उशीर झालेला असतो. खाणें धांवण्यानंतर, धाप पूर्ण ओसरल्यावरच द्यावें. ज्वारीची भाकरी व दूध यांवर हा वाढत आला आहे. जोडीस अंडें किंवा मांस असावें. कोंबड्या व करडें यांची संवय पिलास दोन महिन्यांपासूनच लावावी. मोठेपणीं ती लागणें कठीण.

शर्यतीच्या लोभानें ग्रेहाऊंडशीं संकर करणारेही आढळतात. आपल्या उन्हांत व कोरड्या रानांत पिढ्यान्‌पिढ्या टिकलेलें रक्त अशानें पातळ होतें. मादी लावतांना दोन्हींकडील आईबाप पाहून घ्यावे. रंगास महत्त्व देऊं नये. मादी सुमारें 63 दिवसांनीं विते.

पिलास सहा ते आठ आठवड्यांचें असतां पार्व्हो व डिस्टेंपर यांची लस सुरू करावी, तिसऱ्या महिन्यांत पिसाळरोगाची द्यावी व ती दरवर्षीं टोंचून घ्यावी. शस्त्रक्रियेचा प्रसंग आल्यास कुत्र्याची जात पशुवैद्यास आधींच सांगावी. अशा विरळ चरबीच्या कुत्र्यांत भुलीच्या कांहीं औषधांचा अंमल फार वेळ टिकतो.