केंड्रिकच्या अल्बमवर लिनोकट करताना

अमेरिकन रॅपर केंड्रिक लमारचा ‘टू पिंप अ बटरफ्लाय’ हा अल्बम आला मार्च २०१५ मध्ये. त्यावर लिनोकटची मालिका करायला घेतली, तेव्हा भेटेल तो विचारी, “मूठ कुठाय?” आवळलेली मूठ, तुटलेली बेडी, हूडीतला पोरगा. निषेधाच्या चित्रांचा हा साचा इतका हाताशी असतो की अल्बम न ऐकताही मालिका पुरी होईल! म्हणून पहिलं सांगणं हेच, की चाकू उचलण्याआधी एकेका गाण्याच्या मागे जा.

उदाहरणार्थ, या अल्बममध्ये ‘चाळीस एकर आणि एक खेचर’ पुन्हा पुन्हा येतं. जानेवारी १८६५ मध्ये जनरल शर्मनने अमेरिकेच्या दक्षिणेतल्या किनारपट्टीवरची जमीन मुक्त झालेल्या गुलामांना कुटुंबामागे चाळीस एकरांपर्यंत देण्याचा हुकूम काढला आणि त्याच वर्षी राष्ट्राध्यक्ष अँड्र्यू जॉन्सनने ती बरीचशी जुन्या मालकांकडे परत वळवली. हे वाचल्यावर ठशात साखळी आलीच, पण जमीन मोजणीची. ‘किंग कुंटा’ या गाण्यामागे अ‍ॅलेक्स हेलीची १९७६ ची ‘रूट्स’ ही कादंबरी आहे. तिच्यातल्या कुंटाने पळून जाऊ नये म्हणून त्याचा पाय अर्धा तोडतात. मुठीपेक्षा तो पाय काढणं कठीण, आणि चित्र तिथेच आहे.

आपल्याकडे पुढचा मोह दलित पँथरचा. नातं खरं आहे: १९७२ ला मुंबईत उभ्या राहिलेल्या संघटनेने नाव घेतलं ते १९६६ साली अमेरिकेत ओकलंडला निघालेल्या ब्लॅक पँथर पक्षावरून. पण म्हणून केंड्रिकचं कॉम्प्टन आणि मुंबईचा कामाठीपुरा एकाच ठशात कोंबू नये, दोन्ही पुसट होतात. त्यापेक्षा ब्लॅक पँथरच्या वृत्तपत्राचा चित्रकार एमरी डग्लस पाहा. जाड रेषा, मोजके रंग, स्वस्त छपाई. लिनो करणाऱ्याला याहून चांगली शाळा नाही.

गाण्याच्या ओळी कोरायच्या असतील तर मात्र जपून. आमच्या कलादालनाने आधी तोंडी होकार दिला आणि फ्रेमिंगच्या वेळी ओळींची लेखी परवानगी मागितली. लिनोवर अक्षरं उलटी कोरतात. एकदा कोरलेली ओळ मागे घेता येत नाही, तुकडाच बाद होतो. शिवाय परवानगी एकाकडून मिळत नाही. ‘आय’ या गाण्यात आयझ्ली ब्रदर्सचं १९७३ चं गाणं आहे, म्हणजे त्यांचेही हक्क आले. व्हाइट हाऊससमोरच्या घोळक्याचं मुखपृष्ठ हे छायाचित्र आहे, त्याचा हक्क निराळा. आपल्या कायद्यात गीताचा कॉपीराइट लेखकाच्या मृत्यूनंतरही साठ वर्षं राहतो. समीक्षेसाठी उद्धृत करायला सवलत आहे, पण तिच्या भरवशावर विक्रीचे ठसे काढू नका. ‘खाली नाव दिलं की झालं’ हा समज तर सोडाच.

त्या गाण्यांत वारंवार येणारा वांशिक अपशब्दही कोरू नये. कृष्णवर्णीयांनी तो आपापसांत वापरणं वेगळं, पुण्यातल्या चित्रकाराने भिंतीवर टांगणं वेगळं.

परवानगीचं पत्र पहिल्या स्केचबरोबरच धाडा. उत्तर आलं नाही, तर ते ‘नाही’च समजा आणि ओळ वगळूनच लिनो कापायला घ्या.