कासवाची बाग

'कासव' हा शब्द आपल्या भाषेत फार व्यापक आहे. गिरणेच्या डोहात व शेतातील विहिरीत राहणारे, समुद्रात पोहणारे आणि कोरड्या रानात चरणारे, या तिघांनाही आपण एकाच नावाने ओळखतो. कासवासाठी बाग कशी लावावी, याचा विचार करण्यापूर्वी विद्यार्थ्यांनी हा भेद ध्यानी घ्यावा. आपल्या खानदेशातील विहिरींत आढळणारे कासव बेडूक, मासे, गोगलगाई व पाणवनस्पती यांवर निर्वाह करते. अंगणातील वाफ्याचा त्यास काही उपयोग नाही. बाग हवी ती भूचर कासवाला.

आपल्या देशातील भूचर कासवांत चांदणी कासव विशेष प्रसिद्ध आहे. त्याच्या काळसर पाठीवर पिवळ्या रेषा चांदण्यांच्या किरणांप्रमाणे फाकलेल्या असतात. गुजरात व राजस्थानची कोरडी राने, दक्षिणेतील काही प्रांत आणि श्रीलंका ही त्याची वसतिस्थाने होत. परंतु हे रूपच त्याचे वैरी ठरले. घरी कासव ठेवल्याने संपत्ती येते, या समजुतीमुळे आणि परदेशांतील हौशी लोकांच्या मागणीमुळे त्याचा चोरटा व्यापार होत आला आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्यास संरक्षण दिले. २०१९ साली त्याच्या आंतरराष्ट्रीय व्यापारास बंदी झाली. आणि २०२२ च्या दुरुस्तीने तो पहिल्या अनुसूचीत गेला. आपल्या विहिरीतील कासवही त्याच अनुसूचीत आहे. यांपैकी कोणतेही कासव घरी पाळणे हा अपराध असून, त्यास किमान ३ वर्षांचा कारावास आहे. सापडलेले कासव घरी न नेता वनखात्यास १९२६ या क्रमांकावर कळवावे, हाच योग्य मार्ग.

मग बाग कोणासाठी? सोडविलेल्या कासवांची शुश्रूषा करणाऱ्या केंद्रांसाठी, आणि २०२४ च्या नियमांप्रमाणे नोंद करून परदेशी जातीचे कासव बाळगणाऱ्यांसाठी. आफ्रिकेतील एक जात तर तळहातावर मावेल एवढी असताना विकत घेतली जाते आणि पुढे ४० किलोंहून अधिक भरते; तिचे आयुष्यही अनेक दशकांचे असते. हौस करणाऱ्याने हा हिशेब आधीच मांडावा.

कासवाची पाठ म्हणजे वरून घातलेले चिलखत नव्हे. त्याचा कणा व फासळ्या तिच्याशी एकजीव झालेल्या असतात. यास्तव त्यास चुना, म्हणजे कॅल्शियम, भरपूर लागते, आणि ते अंगी लागण्यास प्रत्यक्ष सूर्यप्रकाश हवा. तंतुमय गवत व पाला हाच त्याचा खरा आहार. डाळी, पोळी, भात किंवा गोड फळे यांवर वाढविलेल्या कासवाची पाठ बेढब होते.

आपल्याकडील काळी जमीन उन्हाळ्यात भेगाळते व पावसात चिखल होते. म्हणून जागा थोडी उंच करून मुरूम घालावा. भोवती विटांचे ठेंगणे कुंपण असावे व त्याचा पाया जमिनीत खोल न्यावा. जाळीतून पलीकडचे दिसत राहिल्यास कासव तिच्याशी सारखे झटत राहते. वैशाखात पारा ४० अंशांपुढे जातो, तेव्हा दाट सावली व उथळ पाण्याचे ताट अत्यावश्यक आहे.

बागेचे दोन भाग करून ते आळीपाळीने चरण्यास मोकळे करावेत, म्हणजे पाला पुन्हा फुटतो. मृगाच्या पावसाबरोबर हराळी लावावी. ती मुख्य अन्न. सावलीसाठी तुती व जास्वंद उत्तम. एकीची पाने आणि दुसरीची पाने व फुले दोन्ही खाद्य आहेत. भोपळ्याचा वेल व एकदांडीही ठेवावी. फड्या निवडुंगाचे फडे काटे काढून द्यावेत. त्यांत चुना विपुल असतो. लसूणघास व शेवग्याचा पाला थोडाच द्यावा. पालक व घोळ यांतील आम्ल चुना बांधून ठेवते, म्हणून ती क्वचितच बरी. कण्हेर, रुई, धोत्रा, घाणेरी, एरंड व गाजरगवत यांना मात्र कुंपणाच्या आत थारा नसावा. कपाशीच्या बांधावरचा पालाही आणू नये. फवारणीचे विष त्यावर बसलेले असते.

इंग्लंडातील गिल्बर्ट व्हाइट या धर्मोपदेशकाने आपल्या बागेतील टिमथी नावाच्या कासवाचे वर्षानुवर्षे निरीक्षण केले; ते १७८९ साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या ग्रंथात आले. गवतात फिरणारा एक मंद प्राणी केव्हा जमिनीत शिरतो व केव्हा वर येतो, हे त्याने दिनांकासह टिपले. ही दृष्टी आमच्या विद्यार्थ्यांस हवी, आणि तीसाठी कासव पाळावेच लागते असे नाही. गौताळा अभयारण्य १९८६ पासून आपल्या दाराशी आहे. शेताच्या बांधावर थोडे गवत व झुडूप राखले, विहिरीत व नाल्यात विषारी पाणी जाऊ दिले नाही, तर अनेक मुक्या जिवांची बाग आपोआप लागते. जिला कुंपण नाही अशी ती बाग राखणे हे आम्हांस अधिक श्रेयस्कर वाटते.