शाळागृहातील उष्णतेचा जमाखर्च

इंग्लंडमध्ये लिव्हरपूलनजीक वॉलसी येथे १९६१ साली एक आगळी शाळा बांधण्यात आली. वास्तुशिल्पज्ञ एम्सली मॉर्गन यांनी तिची दक्षिणेकडील भिंत बहुतांशी दुहेरी काचेची केली. इतर भिंती व छप्पर जाड ठेवून त्यांस उष्णतारोधक अस्तर दिले. तेथील हिवाळा बोचरा. तरीही खोल्या तापविण्याची नेहमीची यंत्रणा जवळजवळ वापरावी लागली नाही. सूर्याने तापणारी शाळा असा तिचा लौकिक झाला.

लौकिक निराळा आणि मोजमाप निराळे. लिव्हरपूल विद्यापीठातील संशोधकांनी पुढे तेथील उष्णतेचा हिशेब मांडला, तेव्हा ऊब देणारे तिघे निघाले: सूर्य, विजेचे दिवे आणि स्वतः विद्यार्थी. शिवाय बाहेरची हवा बेताचीच आत येत असल्यामुळेही ती ऊब टिकत होती.

हा हिशेब वरच्या वर्गांस करून दाखविण्याजोगा आहे. स्वस्थ बसलेले मूल सुमारे ७० वॅट उष्णता बाहेर टाकते. ४० मुलांची झाली २,८०० वॅट. ही जमा. आता खर्च पाहू. खोली १५० घनमीटरांची, आत १७ अंश, बाहेर ५ अंश सेल्सिअस असे धरा. दर तासास खोलीतील हवा ३ वेळा बदलली, तर नवी हवा तापविण्यास सुमारे १,८०० वॅट लागतात. एकदाच बदलली, तर ६००. भिंती, छप्पर व काचा यांतून निसटणारी उष्णता वेगळी. अशा मांडणीस गणिती प्रतिमान म्हणतात. प्रत्यक्ष नोंदींशी ताडून पाहिल्याखेरीज त्यावर विसंबू नये. आकडा कमी दिसला म्हणजे इमारत उत्तम, असेही नव्हे; खिडक्या मिटून केलेल्या काटकसरीत मुलांच्या वाट्यास कोंदट हवा येते.

आपल्याकडे उन्हाळ्यात पत्र्याखालच्या वर्गात मुलांची हीच उष्णता नकोशी भर ठरते. ती किती, हे पाहण्यास दोन तापमापक पुरेत. एक वर्गाच्या मध्यावर मुलांच्या डोक्याच्या उंचीवर, दुसरा बाहेर सावलीत टांगावा. सकाळी, दुपारी व शाळा सुटताना दोन्ही वाचून पटसंख्येऐवजी हजर मुलांची संख्या, उघड्या खिडक्या व विजेच्या मीटरचा आकडा नोंदवावा. रविवारी रिकाम्या खोलीच्या नोंदीही त्याच वेळी, खिडक्या तशाच ठेवून घ्याव्यात. बाहेरचे तापमान व ऊन सारखे असेल असेच दिवस तुलनेस घ्यावेत.