गळू उष्णतेने होते का?

प्रश्न : माझ्या मुलाला (वय १४) दर उन्हाळ्यात मांडीवर गळवे होतात. घरचे म्हणतात, आंबे खाल्ल्याने उष्णता वाढते आणि रक्त बिघडते. आंबे बंद करावेत का? गळू पिकल्यावर दाबून पू काढला तर चालेल का?
– एक वाचक, सातारा

उत्तर : गळू म्हणजे केसाच्या मुळाशी झालेला जंतुसंसर्ग. तो बहुधा स्टॅफिलोकोकस ऑरियस या जिवाणूमुळे होतो. अनेक निरोगी माणसांच्या नाकातही हा जिवाणू असतो. उन्हाळ्यात घाम आणि घट्ट कपड्यांच्या घर्षणाने त्वचा सोलवटते व त्याला आत शिरायला वाट मिळते. रक्त बिघडत नाही, आंब्याचाही दोष नाही. मुलाला आंबे खुशाल द्यावेत.

गळू दाबू किंवा टोचू मात्र नये. दाबल्याने संसर्ग खोलवर पसरतो. नाक व वरच्या ओठाजवळचे गळू दाबणे तर धोक्याचेच, कारण तेथील शिरांचा संबंध मेंदूजवळच्या शिरांशी असतो. स्वच्छ कापड सोसवेल इतक्या गरम पाण्यात बुडवून १० मिनिटे, दिवसातून ३-४ वेळा शेकावे. बहुतेक लहान गळवे अशी आपोआप फुटून बरी होतात. फुटल्यावर साबणाने धुऊन कोरडी पट्टी बांधावी. टॉवेल वेगळा ठेवावा.

ताप आला, लाली पसरू लागली, गळू चेहऱ्यावर असले किंवा आठवड्याभरात उतरले नाही, तर डॉक्टरांना दाखवावे. मोठे गळू चिरून पू काढावा लागतो. नुसत्या गोळ्यांनी सहसा भागत नाही. या मुलाला दरवर्षी त्रास होत असल्याने रक्तातील साखर एकदा तपासून घेणे योग्य.