पुसलेली अक्षरे

कऱ्हा नदीच्या काठी वसलेले मोरगाव हे बारामती तालुक्यातील गाव अष्टविनायकांच्या यात्रेमुळे महाराष्ट्रभर परिचित आहे. समजा, या गावच्या पेठेत अर्ज व पत्रे टंकलिखित करून देणाऱ्या एका वृद्ध गृहस्थांचे छोटेसे दुकान आहे. दुकानाच्या कोपऱ्यात एक जुना संगणक आहे. त्याचा पांढरा रंग आता पिवळा पडला आहे. परंतु पंचवीस वर्षे त्याने गावाची सेवा केली आहे. कोणाचा पीककर्जाचा अर्ज, कोणाचे वारसनोंदीचे प्रतिज्ञापत्र, कोणाच्या आजाराची कागदपत्रे, असे सारे काही त्याच्या उदरात साठले आहे.

आता दुकानात नवा संगणक आला. जुनी यंत्रे दुरुस्त करण्याची हौस असलेल्या एका तरुणाला जुना संगणक द्यावा, असे गृहस्थांनी ठरविले. देण्यापूर्वी त्यांनी सर्व फाइली निवडल्या, डिलीटची कळ दाबली आणि रिसायकल बिनही रिकामी केली. पडदा स्वच्छ दिसू लागला. काम संपले, असे त्यांना वाटले. पण ते खरोखर संपले होते काय?

या प्रश्नाचे उत्तर संगणकाच्या हार्ड डिस्कमध्ये दडलेले आहे. आयबीएम या अमेरिकन कंपनीने १९५६ मध्ये जगातील पहिली हार्ड डिस्क तयार केली. तिच्यात मोठमोठ्या ५० तबकड्या होत्या आणि त्या सर्वांवर मिळून सुमारे ५० लाख अक्षरे मावत असत. पुढे तबकड्या लहान झाल्या आणि त्यांची साठवणशक्ती अफाट वाढली. तत्त्व मात्र तेच राहिले. तबकडीवर चुंबकीय द्रव्याचा पातळ लेप असतो. त्या लेपातील सूक्ष्म भागांच्या चुंबकत्वाची दिशा बदलून शून्य आणि एक हे दोन अंक लिहिले जातात. आपली पत्रे, हिशेब व छायाचित्रे ही या दोन अंकांचीच रचना होय.

एखाद्या ग्रंथालयाची कल्पना करा. कपाटांत हजारो पुस्तके आहेत आणि दाराशी त्यांची सूची आहे. सूचीतील एका पुस्तकाचे नाव खोडले, तर ते पुस्तक नाहीसे होते काय? ते कपाटात जसेच्या तसे राहते. डिलीटची कळ दाबली असता नेमके हेच घडते. संगणक सूचीत त्या जागेची नोंद ‘मोकळी’ अशी करतो. मजकुराला हात लावीत नाही. त्या जागेवर दुसरे काही लिहिले जाईपर्यंत जाणकार मनुष्य तो मजकूर पुन्हा वाचू शकतो.

ही भीती काल्पनिक नाही. सिम्सन गारफिंकेल आणि अभी शेलत या अमेरिकेतील दोन संशोधकांनी १५८ वापरलेल्या हार्ड डिस्क विकत घेऊन तपासल्या आणि आपले निष्कर्ष २००३ मध्ये प्रसिद्ध केले. त्यांपैकी १२९ चालू स्थितीत होत्या. परंतु नीट पुसलेल्या केवळ १२ निघाल्या! इतरांवर लोकांची खाजगी पत्रे, आजारांची माहिती आणि क्रेडिट कार्डांचे हजारो क्रमांक सापडले.

मग उपाय कोणता? हातोड्याने यंत्र फोडावे, असे कोणी म्हणेल. पण फोडलेले यंत्र कोणाच्याच उपयोगी पडत नाही. त्याहून चांगला मार्ग म्हणजे जुन्या लेखनावर नवे लेखन करणे. आरंभापासून शेवटपर्यंत संपूर्ण तबकडीवर शून्ये लिहिणारे प्रोग्रॅम मिळतात. अशा रीतीने सारी तबकडी एकदा भरली, म्हणजे जुना मजकूर वाचता येत नाही. मात्र ज्या फांदीवर बसावे तीच तोडता येत नाही. म्हणून त्या वेळी संगणक त्याच हार्ड डिस्कवरून न चालविता सीडीवरून सुरू करावा लागतो. या कामाला कित्येक तास लागतात. ते संपल्यावर मूळ सीडीवरून संगणकप्रणाली पुन्हा बसविली, की यंत्र नव्या धन्याच्या सेवेस सज्ज होते.

नव्या संगणकांत पुष्कळदा तबकडीऐवजी एसएसडी असते. ती आपला मजकूर स्वतःच निरनिराळ्या जागी हलवीत असल्याने तिच्यासाठी हा उपाय पुरेसा नाही. ती पुसण्याची खास आज्ञा तिच्यातच दिलेली असते.

पुसण्यापूर्वी आणखी एक कर्तव्य आहे. जे राखावयाचे, ते आधी दुसरीकडे उतरवून घ्यावे. आजीचे एकुलते एक छायाचित्र शून्यांखाली गेले, तर ते कोणत्याही उपायाने परत येणार नाही. म्हणून राखण्याचे काम आधी, पुसण्याचे नंतर.

खाजगीपणा हा मूलभूत हक्क आहे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये दिला. परंतु हा हक्क केवळ न्यायालयात जपला जात नाही. तो मोरगावच्या त्या छोट्या दुकानातही जपावा लागतो. शेतकऱ्याने आपल्या कर्जाचा आकडा सांगितला, आईने आपल्या लेकराचे दुखणे सांगितले, ते त्या गृहस्थांवर विश्वास ठेवून. संगणक त्यांच्या मालकीचा होता. त्यातील अक्षरे मात्र गावाची होती. यंत्र दुसऱ्याला देता येते, पण दुसऱ्यांनी आपल्यापाशी ठेवलेला विश्वास असा देऊन टाकता येत नाही. म्हणूनच जुन्या संगणकाला निरोप देताना केवळ पडदा स्वच्छ करून भागत नाही, तबकडीही स्वच्छ करावी लागते.

स्वाध्याय

१. डिलीटची कळ दाबल्यावरही मजकूर का उरतो, हे ग्रंथालयाच्या दृष्टान्ताने स्पष्ट करा.
२. यंत्र फोडण्यापेक्षा ते पुसून देणे अधिक चांगले का?
३. ‘राखण्याचे काम आधी, पुसण्याचे नंतर’ या वाक्याचा अर्थ सांगा.
४. पुढील शब्दांचा वाक्यांत उपयोग करा : परिचित, सूची, काल्पनिक, कर्तव्य.
५. तुमच्या घरातील जुना भ्रमणध्वनी दुसऱ्यास द्यावयाचा आहे. त्यापूर्वी कोणती काळजी घ्याल, ते दहा ओळींत लिहा.