रक्तवाहिनीचे अस्तर

सुट्टीत तंजावरला घरी गेलो. बृहदीश्वराच्या प्राकारात चालताना आईला धाप लागली. "वय झालं रे," म्हणून ती हसली. मला जीवशास्त्राचा धडा आठवला.

रक्तवाहिनीच्या आत पेशींचे एकपदरी अस्तर असते. इस्ट्रोजेन हे संप्रेरक त्या पेशींतील ग्राहींना जोडले गेले की पेशी नायट्रिक ऑक्साइड वायू जास्त तयार करतात. त्याने भिंतीतील स्नायू सैल पडतात व वाहिनी रुंदावते. या वायूचे हे कार्य शोधणाऱ्या तिघांना १९९८ चे नोबेल मिळाले. पाळी थांबल्यावर इस्ट्रोजेन घटते आणि हे संरक्षण ओसरते.

मग गोळ्यांनी भागेल? तसे नाही. अमेरिकेतील मोठी चाचणी २००२ मध्ये थांबवावी लागली. इस्ट्रोजेन व प्रोजेस्टिन एकत्र घेणाऱ्या स्त्रियांत स्तनाचा कर्करोग, हृदयविकार व पक्षाघात अधिक आढळले.

आईला डॉक्टरांकडे नेले. रक्तदाब वाढलेला निघाला. सरफोजी राजांच्या धन्वंतरी महालात रोग्यांच्या नोंदी ठेवीत. मीही आईच्या रक्तदाबाची वही सुरू केली आहे.

मित्रांनो, स्त्रियांचा हृदयविकार कधी छातीत कळ न येता, नुसत्या धापेने वा थकव्यानेही येतो. पुढच्या वेळी घरी बोलाल, तेव्हा आईचा रक्तदाब जरूर विचारा.